आठ हिरवे बिल्ले

ग्रंथपाल बाईंनी आठ मुलं निवडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "बाई आता शांतिसेना काढणार!" चित्रकलेचे सर म्हणाले. बाईंनी टोमणा चहाबरोबर गिळला आणि मधल्या सुट्टीत वाचनालयात वर्ग सुरू केला. कुणी कुणाला छळत असेल तर हात उगारायचा नाही, भाषण ठोकायचं नाही, आणि छळलेल्याला एकटं सोडायचं नाही. एका खुर्चीला छळलेली मुलगी समजून तीन आठवडे सराव झाला. खुर्चीने कधी तक्रार केली नाही, म्हणून बाईंना वाटलं, पोरं तयार झाली. आठही छातींवर हिरवे बिल्ले लागले.

पहिल्याच दिवशी आठही जण सातवीतल्या नव्या मुलीवर तुटून पडले. तिची मान लांब, म्हणून वर्गातल्या तिघी तिला 'जिराफ' म्हणून पिडायच्या. आठांनी तिला पाण्याच्या नळापाशी घेरलं.

"तू बरी आहेस ना?"

"कोण काय म्हणालं? नाव सांग!"

"घाबरू नकोस हं, आम्ही आहोत!"

अख्खं मैदान वळून बघायला लागलं.

दुपारी ती बाईंना शब्दकोशांच्या कपाटामागे सापडली. "बाई, आधी तिघीच मागे असायच्या. आता अकरा जण आहेत."

बाईंना हसू येणार, एवढ्यात मुलगी पुढे म्हणाली, "शनिवारी बाबा शाळा सोडल्याचा दाखला काढायला येणार आहेत. मीच सांगितलं त्यांना."

बाईंनी आठांना बोलावून घेतलं. चूक कुणाची यावर सात जण कडाकडा भांडले. उरली ती एक, जिचा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा आणि जिला सगळी शाळा लाडाने भोंगा म्हणायची. ती गप्प होती. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई खिडकीतून बघत होत्या. भोंग्याने बिल्ला काढून खिशात टाकला, वह्यांचा गठ्ठा आणि खाकी कागद घेऊन ती पायरीवर नव्या मुलीशेजारी जाऊन बसली.

"ए, तुझ्या वह्यांची कव्हरं कसली मस्त असतात गं! माझी दोन दिवसांत फाटतात. शिकव ना."

मुलीने संशयाने पाहिलं. मग कागद ओढून घेतला.

तेवढ्यात तिघी आल्याच. "काय जिराफ, दुकान टाकलंस वाटतं?"

बाईंना वाटलं, आता भोंगा वाजणार! पण भोंग्याने मान वर केली नाही. "उजेड अडवू नकोस गं," ती म्होरकीला म्हणाली. "आणि उभीच आहेस तर हे टोक धर."

म्होरकीने टोक धरलं. का धरलं, हे तिलाही कळलं नसावं. दोन वह्या होईपर्यंत धरून उभी होती!

सुट्टी संपल्यावर बाईंनी भोंग्याला गाठलं. "हे तुला कुणी शिकवलं गं? वर्गात तर नव्हतं."

"तुम्हीच की! पाचवीत मी रडत वाचनालयात आले होते, तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पुस्तकांवर लेबलं चिकटवायला बसवलंत."

बाईंना ते आठवतही नव्हतं. तीन आठवडे आपण खुर्चीशी कसरत केली, आणि खरा धडा ही पोर दोन वर्षं जपून बसली होती. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

शनिवारी वडील अर्ज घेऊन कार्यालयापाशी आले. मुलगी जिन्यावरून धावत आली, हाताला डिंक, बगलेत खाकी कागदाची गुंडाळी.

"बाबा, पुढच्या आठवड्यात बघू या का? अजून अकरा वह्या राहिल्यात."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

वर पायरीवरून शाळाभर ऐकू जाईल असा आवाज आला, "अगं ये ना लवकर, डिंक वाळतोय!"