एका बर्थची नाव

मी पाणसळ बोलते आहे. सुतार आणि गवंडी ज्या पट्टीने फळी किंवा ओटा समपातळीत आहे की नाही ते पाहतात, ती मी. कारखान्यात मला ‘लेवल’ म्हणत. माझ्या नावात पाणी आहे, पोटात मात्र स्पिरिट आणि एक बुडबुडा. तो दोन रेघांच्या मधोमध थांबला की माणसे निश्चिंत होतात. माझी काचेची नळी किंचित वाकलेली असते आणि वाकलेली असल्यामुळेच मला खरे सांगता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

चौतीस वर्षांत मी एकदाही चुकीचे सांगितलेले नाही. तरीही २०१३च्या मार्चमध्ये, खारून नदीच्या काठी, माझा बुडबुडा अचूक मधोमध असताना माझ्यासमोर जे घडले, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

माझे अंग सागवानी, टोकांना पितळी टोप्या. १९७९ साली तुळशीराम नावाच्या तरुण सुताराने मला पहिल्या पगारातून विकत घेतले. वैनगंगेकाठच्या, भंडाऱ्याकडच्या एका गावातून तो रायपूरला आला होता आणि रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याच्या कारखान्यात लागला होता. बर्थ बसवणे हे त्याचे काम. त्याची एक खास रीत होती. बर्थ बसवला की आधी तो मला त्यावर ठेवी, मग मला बाजूला सारून स्वतः आडवा होई, डोळे मिटी आणि म्हणे, “झालं.” हजारो प्रवाशांचे बर्थ त्याने असे स्वतःच्या अंगाने मोजले. मला ती काटेकोरपणाची कमाल वाटे. ती रीत तेव्हाच खटकायला हवी होती.

त्याच वर्षी त्याने एका डायरीच्या शेवटच्या पानावर नाव काढली. नदी ओलांडायचा साधा डोंगा नव्हे. जिच्यात चूल असेल, छप्पर असेल, जिच्यात राहता येईल अशी नाव. दोन वर्षांनी त्याचे लग्न झाले. मीराबाई आली, तिच्याबरोबर शिलाई मशीन आले, पुढे भावना नावाची मुलगी झाली. डायरी हत्यारांच्या पिशवीत माझ्याशेजारीच राहिली.

२००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि रायपूर राजधानी. गल्लीबोळातल्या पडक्या खोलीकडेही मालक नव्या नजरेने पाहू लागले. पुढच्या दहा वर्षांत या कुटुंबाने चार भाड्याची घरे सोडली. एक पाडून दुकाने झाली, एक रस्तारुंदीत अर्धे गेले, दोन विकली गेली. प्रत्येक घरात तुळशीरामने माझ्या साक्षीने फळ्या ठोकल्या होत्या. प्रत्येक वेळी त्या उपटून भिंतीतली भोके बुजवावी लागली.

“पाण्यावर कोणी घरमालक नसते,” तो म्हणू लागला.

“हव, नळही नसते,” मीराबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणे. “अन् मे महिन्यात खारून वाळली म्हंजे? नाव काय खाटेसारखी भिंतीले उभी कराल?”

“बंधाऱ्याच्या मागं पाणी राह्यते वर्षभर.”

“डासही राह्यतात.”

ती थट्टा करी; पण २०११मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा पहिल्या दिवसापासून ती कामाला आली. कारखान्यातला जुना सोबती गुलाबराव आता नदीकाठी विटांचा धंदा करीत होता. त्याच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर बावीस फुटांची नाव उभी राहू लागली. तुळशीराम फळ्या बसवी, मी पातळी सांगे आणि मीराबाई खाली बसून फटींत कापूस ठासून त्यावर डांबर ओढी. दोन वर्षे. तिची नखे काळी झाली. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर डांबराचा डाग गेला, तेव्हा तिने बुढापारा मोहल्ल्यातल्या सगळ्याच बायांना सांगून टाकले, “आता दुसरी शिवणारी पाहा बाई. मी नावेवर राहाले जाऊन राहिली.” एप्रिलपासून खोली सोडतो, असेही तिनेच मालकाला कळवले.

नावेच्या आत ती तोवर गेलेली नव्हती. तिचे गुडघे दुखत आणि चढायला पायऱ्या नव्हत्या. पायऱ्या सर्वांत शेवटी लागल्या.

त्या दुपारी ती ‘छोटा हाथी’ म्हणतात त्या मालवाहू टेम्पोत शिलाई मशीन घालूनच आली. पदर खोचून एकेक पायरी चढली. तुळशीरामने बर्थची नवी फळी पुसली, मला बर्थवर ठेवले आणि म्हणाला, “पाय, केसाएवढा फरक नाही.”

तिने पाहिले. डाव्या बाजूला सहा फुटांचा बर्थ. उजवीकडे चुलीचा ओटा, मागे भांड्यांची फळी. मधली वाट एक फूट सात इंच. तिने आधी उजवीकडे पाहिले, मग मागे, मग बर्थखाली वाकून पाहिले.

“दुसरा कुठाय?”

“काय दुसरा?”

“माहा बर्थ.”

तुळशीरामने तोंड उघडले. त्याने डायरी काढली, पान उघडले आणि बोट फिरवू लागला, जणू चूक कागदाने केली असावी. मी बर्थवरूनच पाहत होते. त्याचा चेहरा उतरत गेला. या माणसाने लपवले नव्हते. त्याला ते आत्ताच, तिच्याबरोबरच कळत होते.

“नकाशा... लग्नाच्या आधीचा आहे,” तो म्हणाला.

“अन् मी लग्नानंतरची. बत्तीस वर्षं झाली. एक रेघ ओढाले पेन्सिल नाही भेटली?”

गुलाबराव पायरीवरून डोकावला. वातावरण हलके करायला म्हणाला, “वहिनी, साइड अप्पर ठोकून देऊ ना! दोन दिवसांचं काम.”

“भाऊ, आजवर मले वाटे, अर्धा बर्थ आहे माहा. आरएसी.” तिचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो असह्य होता. “माह्या नावाचं तिकीटच काढलं नव्हतं ह्यायनं.”

तुळशीरामने पटाशी उचलली आणि बर्थच्या सांध्यात घातली. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत सुरेख सांधा होता.

“मोडू नका,” ती म्हणाली. “चांगला झाला आहे. एकट्या माणसाले बरोबर आहे.”

मग तिने मला उचलले, आपल्या पिशवीत घातले आणि उतरून गेली. मशीन गाडीतून उतरलेच नव्हते. ते तसेच परत गेले. एप्रिलपासून सोडायची ती खोली तिने मालकाच्या विनवण्या करून पुन्हा मिळवली. तुळशीराम गुलाबरावाच्या आवारात राहिला. नावेत मात्र झोपला नाही, विटांच्या शेडमध्ये झोपला.

भिलाईहून भावनाचा फोन आला. “आई, पापाने सच में एक ही बर्थ बनाया? हद है!” मीराबाई म्हणाली, “हव. अन् तुह्या पापाले वाटते मी त्यायच्यावर रागावून राहिली. रागावली नाही वं पोट्टी. मी हिशेब लावून राहिली, की इतके दिवस मी कुठं झोपत होती.”

इथे एक गोष्ट मी तुम्हांला नीट सांगितली पाहिजे: पाणसळीवाचून तुळशीरामला काम करता येत नव्हते. दुसरी विकत घेता आली असती. त्याने घेतली नाही. दर रविवारी तो दारात येई, हातात नवा नकाशा घेऊन, आणि म्हणे, “पाणसळ दे.”

पहिल्या नकाशात तिचा बर्थ ओट्याखाली होता. तिने पाहिले आणि परत केला. “मी काय कोळशाचं पोतं आहो?”

दुसऱ्यात तो समोरासमोर होता, पण रुंदीला दीड फूट. तिने पेन्सिलीने त्याच्या बर्थची रुंदी लिहिली, शेजारी स्वतःच्या बर्थची, आणि कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला.

तिसऱ्यात रुंदी सारखी होती. नाव मधून उभी कापून रुंदीला सवा फुटाने वाढवावी लागणार होती; म्हणजे वर्षभराचे काम नव्याने. त्याने ते मान्य केले होते आणि ते सांगताना त्याला अभिमानही वाटत होता. “लांबी पाच फूट सहा,” तो म्हणाला. “तुले पुरते.”

“कोणं मोजलं?”

ही बाई आयुष्यभर इतरांच्या छात्या, बाह्या, उंच्या मोजत आली होती. तिला कोणी मोजले नव्हते, आणि मोजणे हाच ज्याचा धंदा, त्याने तर नाहीच.

त्याने खिशातली लोखंडी टेप चाचपली, मग ती राहू दिली. तिच्या गळ्यात अडकवलेली शिवणाची टेप काढली आणि म्हणाला, “भिंतीले उभी राह्य.” ती उभी राहिली. डोक्यापासून टाचेपर्यंत चार फूट अकरा. मग मशीनवर बसवून खांद्यापासून कोपरापर्यंत, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. प्रत्येक आकडा तो नकाशाच्या कडेला लिहीत गेला. ती ताठ, अवघडून, श्वास रोखून बसली होती. तिची गिऱ्हाइके बसतात तशीच.

“मोजलं म्हंजे मी आली, असं समजू नका,” ती शेवटी म्हणाली.

“नाही समजत.”

वाचकहो, मी नेमून दिलेले काम अचूक करते आणि त्यापलीकडे काहीच पाहत नाही. सम आहे का, एवढेच मला विचारता येते. कोणासाठी, हे विचारता येत नाही. ते तुम्ही विचारा. घर आखा, नाव आखा, स्वप्न आखा; पण मला लावण्याआधी माणसे मोजा.

मीराबाईने मला भिंतीवरच्या खिळ्यावरून काढले. त्याच्या हातात दिले नाही. दोघांच्या मध्ये टेबल होते, त्यावर ठेवले. भाड्याच्या खोलीची फरशी उंचसखल, टेबल जरा कलते. माझा बुडबुडा हलला आणि तिच्या बाजूला गेला, कारण बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो.

तुळशीराम सवयीने पाचर शोधायला उठला.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तसंच राहू द्या.”

तो पुन्हा बसला.