बरणीतल्या पैलवानाचा बंद फ्रिजमधला मुक्काम

मी पावाचं खमीर बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका. पीठ आणि पाणी एका बरणीत कालवून ठेवलं, त्याला रोज थोडं खाऊ घातलं, की काही दिवसांनी त्यात जीव येतो. तो जीव म्हणजे मी. माझा डावभर भाग कणकेत मिसळला की पाव फुगतो. एवढंच माझं काम. बाकी वेळ मी बसून खातो.

मला जन्माला घातलं एका निवृत्त लिफ्ट-मेकॅनिकनं. जन्मभर त्यांनी लोकांना वर-खाली नेणाऱ्या लिफ्टा दुरुस्त केल्या. मग हात रिकामे झाले आणि त्यांनी मला वाढवायला घेतलं. माझ्या बरणीला त्यांनी एक रबरबँड लावलाय. खाल्ल्यावर मी त्याच्या किती वर चढतो, ते चष्मा पुसून पुसून बघत बसतात. मला ते पैलवान म्हणतात.

त्यांच्या बायकोचं आणि माझं मात्र कधी जमलं नाही.

"इतक्या वर्षांत मला कधी विचारलं नाहीत, जेवलीस का म्हणून," बाई म्हणायच्या. "याची मात्र सकाळ-संध्याकाळ चौकशी. सवतच आणून ठेवलीय घरात!"

मी ते मनाला लावून घेतलं नाही. मन असतं तर घेतलं असतं.

बाई विमा कचेरीत नोकरीला होत्या. घरं जळालेली माणसं त्यांच्या टेबलासमोर बसून रडायची. ते ऐकून ऐकून बाईंना एक सवय जडली होती. घराबाहेर पडताना गॅस बघायचा, नळ बघायचे, पुन्हा एकदा गॅस बघायचा, आणि शेवटी मेन स्विच खाली ओढायचा. एरवी बाहेरगावचा मुक्काम दोन दिवसांचा असायचा, त्यात काही बिघडत नसे.

पण लेकीला बाळ झालं आणि दोघं चांगले तीन आठवडे राहायला निघाले. मेकॅनिकना आनंद झाला, आणि लगेच माझी काळजी लागली. त्यांनी बरणी हळूच बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवली.

"काढा ती बाहेर," बाई म्हणाल्या. "वाटेत उतू गेलं ना, तर पुढच्या स्टेशनावर तुम्ही दोघंही उतरायचं."

"अगं, पण हा एकटा कसा राहील?"

"पीठ आहे ते, अहो! आपलं नातवंड तिकडे आहे!"

शेवटी त्यांनी मला पीठ घालून घट्ट मळलं, झाकण सैल ठेवलं आणि फ्रिजमध्ये बसवलं. थंडीत मी झोपतो. झोपलेल्याला भूक लागत नाही. बेत उत्तम होता. "निजा, पैलवान," म्हणाले आणि बॅगा घेऊन खाली टॅक्सीपाशी गेले.

मागून बाईंनी गॅस बघितला, नळ बघितले, पुन्हा गॅस बघितला आणि मेन खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली.

आत आम्ही चौघं होतो: मी, चीजचा तुकडा, अर्धं लिंबू आणि कानात घालायच्या औषधाची बाटली. ऊब आली तशी मला जाग आली आणि सपाटून भूक लागली. होतं नव्हतं ते सगळं मी खाल्लं. फुगलो, झाकण उचललं, फ्रिजच्या छताला डोकं लावलं आणि मग धपकन खाली बसलो. पुढे खायला काही नव्हतं. माझ्यावर राखाडी पाणी साचलं. अंगाला नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा वास येऊ लागला. चीजला दाढी आली. लिंबू तर बोलेनासंच झालं. कानाचं औषध तेवढं मजेत होतं.

परत आल्यावर मेकॅनिक टॅक्सीतून उतरून थेट वाण्याकडे गेले, माझ्यासाठी ताजं पीठ आणायला. बाई एकट्याच वर आल्या. त्यांनी मेन वर ढकलला, फ्रिज दचकून घरघरला, आणि बाईंचा हात तिथेच राहिला.

"अगं बाई! मीच की!"

दार उघडलं, तशी नाकाला पदर लावावा की रडावं, त्यांना कळेना. मला उचलून त्या कचऱ्याच्या डब्यापाशी आल्या. डब्याचं झाकण उघडलं आणि उभ्याच राहिल्या.

"भांडले असते तर बरं होतं," त्या मला म्हणाल्या. "पण हे भांडायचे नाहीत. खिडकीपाशी जाऊन गप्प बसतील. ते नाही बघवायचं मला."

मग त्यांनी पाणी ओतून दिलं, वरचा थर खरवडून टाकला आणि अगदी तळातून माझा एक चमचा काढला. बरणी घासली. जुन्या डब्याच्या बुडाचं पीठ झाडून घेतलं, त्यात कोमट पाणी घातलं.

"जग रे मेल्या," म्हणाल्या. "माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी जग."

तेवढ्यात मेकॅनिक आलेच. "कसला गं वास हा?"

"चीज खराब झालं. तुमच्या पैलवानाला मी खाऊ घातलंय."

"तू?"

त्यांनी ओव्हनकडे पाहिलं. वीज बंद होऊन आली की होतं तसं, त्यावरच्या घड्याळात नुसती शून्यं लुकलुकत होती. जन्मभर विजेत काम केलेला माणूस तो, आणि बायकोलाही चांगला ओळखून. बाई पाठमोऱ्या होत्या. मेकॅनिकनी पुढे होऊन गुपचूप घड्याळ लावलं.

"प्रवासानं आपण दमलो, तसा तोही दमला असेल," एवढंच म्हणाले.

पुढचे काही दिवस मेकॅनिक उठायच्या आत बाई मला भरवायच्या आणि बाई अंघोळीला गेल्या की मेकॅनिक भरवायचे. उपासातून वाचलो, आता अजीर्णानं जातो की काय, असं मला झालं. तरी एक बुडबुडा फुटेना. बाईंचं जेवणात लक्ष लागेना.

मग एका सकाळी बाईंची हाक घरभर घुमली. "अहो, या ना लवकर! फुगलाय हो मेला!"

मेकॅनिक अर्ध्या गालाला साबण लावलेले तसेच धावत आले. पण ते माझ्याकडे नाही, बाईंकडेच बघत राहिले. बाई बरणी पोटाशी धरून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

आता मी पुन्हा ओट्यावर असतो. बाईंना वाटतं, मेकॅनिकना काही ठाऊक नाही. मेकॅनिकना वाटतं, आपल्याला ठाऊक असल्याचं बाईंना ठाऊक नाही. मला दोघांचंही ठाऊक आहे, पण मला बोलता येतं ते बुडबुड्यांतून. तेव्हा मंडळी, तुम्ही गावाला निघालात की खुशाल मेन बंद करा. पण आधी फ्रिज उघडून बघा, आत कोणी झोपलंय का. आणि विसरलातच, तर आल्यावर वास घेऊन लगेच फेकू नका. तळातून एक चमचा काढून बघा. आमच्यासारखे तिथेच बसलेले असतात, भुकेले, पण राग न धरता.