कॅप्टनच्या पाठीवरचा हात

लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. बास्केटबॉलच्या एका व्यावसायिक संघाचा मी सहायक प्रशिक्षक. मैदानात मारामारी पेटली की आपल्या बाकावरच्या एकालाही रेषेपलीकडे जाऊ द्यायचं नाही, हे माझं खास काम. नियम कडक आहे. कुणाला बोटही न लावता नुसता बाक सोडून रेषा ओलांडली, तरी पुढचा सामना बंद. ‘सोडवायला गेलो होतो’ हे कारण चालत नाही. त्यामुळे मी सामना कमी आणि बाकावरच्यांचे गुडघे जास्त बघतो. ज्याचा गुडघा हलायला लागला, तो उठणार हे नक्की.

उपांत्य सामन्यात शेवटचं मिनिट होतं. आम्ही अठरा गुणांनी पुढे, कॅप्टन विश्रांतीला बाकावर. तेवढ्यात समोरच्या संघातल्या एकाने आमच्या उंच गड्याला कोपर मारलं आणि जुंपली. मी हात पसरून बाकाच्या एका टोकाला तिघांना अडवलं. मान वळवून बघतो तर दुसऱ्या टोकाचा कॅप्टन रेषेच्या तीन पावलं आत उभा. हाताची घडी घालून, शहाण्यासारखा!

सदतीस वर्षांचा माणूस. बारा वर्षं खेळून पहिल्यांदा अंतिम सामना नशिबी आला होता आणि त्यानंतर तो निवृत्त होणार होता. कपडे बदलायच्या खोलीत तो एवढंच म्हणाला, “मला मागून कुणीतरी ढकललं.”

सगळ्यांचे कान टवकारले. कारण आपल्याच माणसाने ढकललं असेल, तर शिक्षा ढकलणाऱ्याला होते आणि ढकलला गेलेला खेळतो. कॅप्टनच्या मागे एकच माणूस उभा होता, तो म्हणजे माझा जावई. तो कॅप्टनच्याच जागेवर खेळतो. दोन वर्षं बाक झिजवतोय. कॅप्टन नसेल तर अंतिम सामन्यात पहिल्या पाचांत तोच.

मालिश करणाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग जावयाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सासऱ्याने नेमकी पाठ कशी वळवली, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला संताप आला. त्याचा आणि जावयाचाही. कारण माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली होती.

आमचा स्वतःचा एक कॅमेरा बाकामागे वरच्या गॅलरीत असतो, सरावात चुका दाखवायला. पण त्याचं कार्ड कारकून कपाटात ठेवतो आणि पाचाला कुलूप लावून निघून जातो. धीर धरला असता तर सकाळपर्यंत प्रश्न सुटला असता. मी धीर धरला नाही. संध्याकाळी जेवायला लेक-जावई आले होते. लेक आईबरोबर स्वयंपाकघरात गेल्याबरोबर मी त्याला गाठलं.

“खरं सांग. तू ढकललंस?”

त्याने घास खाली ठेवला. “तुम्हाला काय वाटतं, बाबा?”

“मला वाटतं, हो.”

तो हसला नाही की चिडला नाही. “बरं,” म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. हे त्याचं ‘बरं’ मला कबुलीच वाटली. खोटा माणूस शपथा घेतो आणि पक्का खोटा जेवतो, असं मी बायकोला मोठ्या तोंडाने ऐकवलंही. तिने भांडी जरा जोरातच आपटली.

सकाळी नऊला कार्ड हातात आलं. सामानाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीवर लॅपटॉप टेकवून मी ते अर्धं मिनिट अकरा वेळा बघितलं. कॅप्टन उठतो. मागून एक हात त्याच्या पाठीवर येतो. पण जर्सी पुढे नाही, मागे ताणली जाते. जावयाने मुठीत धरलेलं कापड, कॅप्टनचा हिसका, कापड सुटतं. त्याने कॅप्टनला ढकललं नव्हतं. मी जे काम करायला हवं होतं, ते तो करत होता. माझीच मला लाज वाटली.

शिक्षा ठरवायची सुनावणी दहाला होती. मी धापा टाकत पोचलो तेव्हा दार उघडून जावई बाहेर येत होता.

“सही करून आलो,” तो म्हणाला. “मी ढकललं म्हणून. कॅप्टन खेळतील.”

“अरे, पण तू तर त्याला धरत होतास! हे बघ, कार्ड आहे.”

“माहीत आहे. मीच धरत होतो ना.”

“मग वेड लागलंय का तुला?”

“मी खेळलो असतो, तर तुम्ही जन्मभर माझ्या हातांकडे बघत राहिला असता. त्यापेक्षा त्यांना तरी खेळू दे.”

मला पुढे ऐकवेना. त्याला बाजूला सारून मी आत शिरलो आणि कार्ड टेबलावर ठेवलं. तीन अधिकाऱ्यांनी चित्रण बघितलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा कॅप्टन पुटपुटला, “ओढलं होतं होय? मला ढकलल्यासारखंच वाटलं.” खरंच वाटलं होतं की नाही, देव जाणे. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं, पण कळलं नाही.

मधल्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला. बाक सोडल्याबद्दल कॅप्टनला एक सामना बंदी. इथपर्यंत मला माहीत होतं. मग त्यांनी जावयाचा कागद उचलला. सुनावणीत सही करून खोटा जबाब दिल्याबद्दल त्यालाही एक सामना.

“अहो, पण तो निर्दोष आहे!” मी ओरडलो. “माझ्यामुळे लिहून दिलंय त्याने!”

“लिहून दिलंय ना?” त्या शांतपणे म्हणाल्या. “मग झालं.”

आमच्याकडे त्या जागेवर खेळणारा तिसरा माणूस नव्हता.

जावई पायऱ्यांवर बसला होता. मी निकाल सांगितला. मला वाटलं होतं, आता तरी तो भडकेल, दोन शब्द सुनावेल. मला ते हवंच होतं. त्याने गाडीची किल्ली काढली आणि उठला.

“आता पटलं ना, बाबा?” त्याने विचारलं.

“पटलं रे,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला.