ढोलीतली राणी

बुधाचा मला पहिल्याच दिवशी राग आला. का आला ते उघडच सांगतो: तो माझ्याहून चांगलं सांगत होता.

साल शहाऐंशी. सातपूरच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होतो, यंत्रांची ड्रॉइंगं गिरवणारा. तिथल्याच आमच्या गोटीरामच्या बोटीवरच्या मेव्हण्यानं परदेशातून एक खेळ आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि पुढे काय घडतं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट रचणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणायचो. डिक्शनरी घेऊन त्या इंग्रजी पुस्तकाचा अर्थ मीच लावला होता, तेव्हा मास्तर दुसरं कोण होणार?

माझा जीव त्यातल्या पक्षीमानवांवर. माणसाचं धड, गरुडाचं डोकं, पाठीला पंख. पुस्तकात त्यांच्यावर अर्धं पान होतं, मी दोनशे पानी वही भरली. त्यांचे राजे, त्यांच्या राण्या, त्यांच्या शपथा, घुबडांशी झालेली सात युद्धं. पंखांचं ड्रॉइंग तर स्केल लावून, समोरून आणि बाजूनं. हे सगळं विमलनं, माझ्या बायकोनं, एकदा तरी बसून बघावं अशी माझी फार इच्छा होती. वर्षभर तिच्या मागे लागलो होतो. ती म्हणायची, "तुमच्या लढाया तुम्हीच लढा."

एका सुट्टीच्या दुपारी गोटीराम बुधाला घेऊन आला. फाउंड्रीत हेल्पर, गाव सुरगाण्याकडचं. सगळे मला मास्तर म्हणताहेत हे ऐकून त्याला मी खरंच शाळेतला मास्तर वाटलो. वही त्यानं हात पुसून उघडली.

"मास्तर, ह्यांची पिसं कवा झडतात?"

"झडत नाहीत," मी म्हणालो.

"आसं कसं? जुनी झडली नाय तर नवी कुठून येतील?"

मग त्यानं धनेश पाखराचं सांगितलं. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. आत अंडी घालते आणि तिथंच तिची पंखांची पिसं झडतात. नर बाहेरून उंबरं आणून भरवतो. "तुमच्या राणीचं बी तसंच आसंल ना, मास्तर?"

विमल आत तांदूळ निवडत होती. ताट घेऊनच बाहेर आली. "रोज भरवतो? न चुकता?"

"दिसातून लय खेपा, वहिनी."

"मग मी ती राणी," ती म्हणाली आणि चक्क खेळायला बसली.

बुधा नर झाला. तासभर तो उंबरं आणत होता आणि विमल हसत विचारत होती, "आता काय आणलंत?" माझी सात युद्धं कुणी विचारेना. वर्षभर मी अजीजी केली आणि ही बसली त्याच्या पाखरासाठी! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फासा वहीच्या आडोशाला टाकायचा हा मास्तरचा हक्क. एका शिकाऱ्याच्या नेमासाठी मी टाकला. चार आले, म्हणजे बाण हुकला.

"एकोणीस!" मी म्हणालो. "शिकाऱ्याचा बाण नराच्या छातीत. मेला."

गोटीराम हळहळला. बुधानं नुसती मान हलवली. मास्तर खोटं कशाला सांगतील? मला आत कुठंतरी गार वाटलं.

"आणि मी?" विमलनं विचारलं.

"तुला काय झालंय? तू तर आत सुरक्षित आहेस."

"मला पिसं नाहीत. आता भरवणार कोण?"

मी वही चाळली. उत्तर कुठेच नव्हतं. शेवटी बुधाकडेच बघावं लागलं.

"भित फोडता येती तिला," तो म्हणाला. "पर उडता नाय यायचं."

"मग चालत जाईन. द्या फासा, फोडते भिंत."

ती इतकी रंगात आली होती की माझी वाट न बघता तिनं वहीच्या मागे हात घातला. फासा मी उचललाच नव्हता. तिनं तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं, वहिनी?" बुधानं विचारलं.

"काही नाही. एकोणीसच आहेत," विमल म्हणाली. "राणी गेली, भाऊजी. तुम्ही बसा, मी चहा टाकते."

तांदळाचं ताट उचलून ती आत गेली. पुन्हा कधी खेळायला बसली नाही.