लॉटरीच्या स्टॉलचा चौथा पाय

मित्रांनो, मी लॉटरीचा एक जुना लाकडी स्टॉल आहे. एक फळी, चार उंच पाय आणि तिकिटं टांगायची दोरी, एवढाच माझा संसार. पण उदगीरच्या बसस्थानकासमोर माझ्याइतकी गर्दी रसवंतीलाही नसायची.

सुताराने मला घडवलं तेव्हा चारही पाय सारखे होते. माझे मालक ईश्वरप्पा यांनी मला गटाराच्या कडेला मांडलं. तिथे एका कोपऱ्यात जमीन उंच होती. ती सपाट करायची सोडून या माणसाने माझा चौथा पायच बोटभर कापला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तेव्हापासून मी त्या एका जागी सरळ आणि बाकी जगात डुगडुगणारा झालो.

वीस वर्षं मी नशीब विकलं. हमाल यायचे, रिक्षावाले यायचे, आणि बिदरच्या बसने गुरम्मा आज्जी. त्यांच्या राज्यात लॉटरी बंद, म्हणून त्या सीमा ओलांडून तिकीट घ्यायच्या.

ईश्वरप्पांची मुलगी अक्षरा नववीत. शाळेत वादविवाद स्पर्धा होती, ‘राज्याने लॉटरी चालवावी का?’ बाजू चिठ्ठी टाकून ठरली. आमच्या घराला कधी काही लागलं नाही, आणि तिला नेमकी ‘चालवू नये’ लागली. पोरगी महिनाभर माझ्याशेजारी बसून गिऱ्हाइकांना विचारत राहिली.

“आज्जी, तिकडं का बंद केली?”

“लई घरं बसली म्हणून,” गुरम्मा म्हणाल्या. “माझी खोड काय गेली न्हाई बघ. आता तिकिटाच्या पैशावर बसचं भाडंबी जातंय.”

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अक्षरा वडिलांना म्हणाली, “अप्पा, मी आपल्याच स्टॉलमागं उभी राहून बोलणार हाय. लपवून बोलले तर खोटं वाटंल.”

ईश्वरप्पांनी उरलेल्या तिकिटांना चिमटे लावले. मग म्हणाले, “ने स्टॉल. पण मला पुढं बसवू नको.”

त्यांनीच मला खांद्यावर घेऊन शाळेच्या व्यासपीठावर ठेवलं आणि ते पार मागे, दाराशी जाऊन उभे राहिले. अक्षराने हात टेकला आणि मी डुगडुगलो. पोरं हसली. पहिलं वाक्य अर्धवट सोडून ती माझ्या पायाकडे बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ईश्वरप्पा चालत पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी माझा आखूड पाय दोन्ही हातांनी धरला.

“बोल,” ते म्हणाले.

आणि अक्षरा बोलली. “लॉटरीतून सरकारला महसूल मिळतो, हे खरं. पण कर ऐपत बघून घेतात. लॉटरी गरज बघून घेते. महिनाभरात आमच्या स्टॉलवर एकही पैसेवाला आला नाही. म्हणून काही राज्यं म्हणतात, असलं उत्पन्न आम्हाला नको. बंद केली तरी लोक सीमा ओलांडतात, तेही मी पाहिलंय. पण लोक आडवाटेने जातात म्हणून सरकारनेच दुकान थाटावं का? माझे वडील वाईट नाहीत. वीस वर्षांत त्यांनी स्वतः एकदाही तिकीट घेतलं नाही. का घेतलं नाही, ते त्यांना विचारा.”

खाली बसलेल्या ईश्वरप्पांचे डोळे भरले होते, पण हात हलले नाहीत. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझी फळी थरथरली. पहिला नंबर अक्षराचा! ढाल माझ्यावरच ठेवली. इतकं अभिमानाचं ओझं मी कधी पेललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ईश्वरप्पांनी तिकिटांची दोरी कायमची सोडली आणि आखूड पायाला लाकडाचा तुकडा ठोकला. गटाराची कड सोडून मला सपाट जागेवर मांडलं. आता माझ्यावर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. भाकरी बिदरच्या बसने येतात. गुरम्मा आज्जीच आणतात, आणि येताना चटणीत खोट काढतात.

मित्रांनो, जुनी वस्तू डुगडुगली की लगेच अडगळीत टाकू नका. आधी तिच्याखालची जागा बघा. आणि तुमच्यापैकी कोणी खरं बोलायला उभं राहिलं, तर कोणीतरी खाली बसून पाय धरून ठेवा. माझा धरला होता, म्हणून मी आज चारी पायांवर ताठ उभा आहे.