भरून पाहिलेली नौका

मित्रांनो, मी एक जुनी शिडाची नौका आहे. लांबी एकतीस फूट, अंग पोलादाचं आणि सध्याचा मुक्काम जालन्यातल्या एका भंगाराच्या आवारात. इथून समुद्र चारशे किलोमीटर लांब. लोक येतात, माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढतात आणि हे जहाज इथं आलं कसं, असं एकमेकांना विचारतात. मलाही त्यांच्याविषयी तेवढंच कुतूहल वाटतं. समोरच्या टपरीवर रोज सकाळी ड्रम भरून झाकून ठेवतात आणि पेला विसळायलासुद्धा पाणी मोजून घेतात. इतकं राखून पाणी वापरणारी माणसं मी आजवर फक्त माझ्या पोटात, भर समुद्रात पाहिली होती.

माझा जन्म गोव्याचा. एका हौशी कप्तानाने मला मांडवीच्या काठी बांधून घेतलं. शर्यती मला कधी जमल्या नाहीत. मी वजनदार, चाल सावकाश; पण वारा उठला की मान खाली घालून मी आपली चालत राहते. लक्षद्वीप, मालदीव, सेशेल्स, मोंबासा असा सगळा फेरा मी केला. एकदा तर अठरा दिवस जमीन दिसली नव्हती. बंदरात लोक म्हणायचे, दिसायला साधी आहे, पण भरवशाची आहे. ते ऐकून मी मनातल्या मनात फुगायचे.

पुढे कप्तान थकले. नऊ वर्षं मी खाडीत बांधलेली पडून होते. अंगावर कालवं धरली, शिडं कुजली, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी किलोच्या भावाने माझी विक्री झाली, डोलकाठी उतरवून माझ्याच पाठीवर बांधली आणि ट्रेलरवर घालून मला जालन्याला आणलं. इथे पोलाद वितळवायच्या भट्ट्या आहेत. आवाराचे मालक साहेबराव यांनी मला सोमवारी कापायचं ठरवलं होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी वडीगोद्रीचे राजानंद आले. पंचवीस वर्षं नौदलात जहाजदुरुस्तीचं काम करून गावी परतलेले गृहस्थ. बरोबर त्यांची मुलगी मोनाली, अंबडच्या शाळेत भूगोल शिकवणारी. वडिलांची बदली कोचीला असताना ती शीड हाताळायला शिकली होती. बापलेकीला स्वतःच्या नौकेने कोचीहून सेशेल्सला आणि तिथून पुढे जायचं होतं. दोन वर्षांत त्यांनी अकरा नौका पाहून नाकारल्या होत्या.

कारण मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. एका नौकेत आठ जणांचं जेवणाचं टेबल होतं, पण हेलकावे बसताना धरायला एक कठडा नव्हता. दुसरीत झोपायची जागा पार नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला होती, जिथे लाटेवर माणूस चेंडूसारखा उडतो. मोनालीची पारखायची रीत मजेशीर होती. तिने डोळे मिटले आणि जिन्यापासून नाळेपर्यंत ती नुसती हातांनी चाचपत गेली. माझ्यात जागोजागी धरायला कठडे आहेत. ती एकदाही अडखळली नाही. मधोमध, खालच्या बाजूला असलेल्या झोपायच्या फळीवर ती आडवी झाली आणि हसली. सुकाणू मागे उघडं लोंबत नाही, तळाच्या कण्याला धरून आहे, हे पाहून राजानंदही खूश झाले. मग त्यांनी लहान हातोडी काढली आणि मला इंच इंच वाजवून पाहिलं. मी खणखणीत वाजत होते.

मित्रांनो, आता खरं सांगते. माझ्यात एक खोट होती आणि ती मला ठाऊक होती. पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या टाकीखाली माझा पत्रा गंजून पापडासारखा झाला होता. आतून वर टाकी, बाहेरून खाली मला टेकवलेला लाकडी ओंडका. हातोडी तिथे पोचतच नव्हती. मला बोलता येत नाही ही गोष्ट खरी. पण बोलता आलं असतं तरी मी गप्प बसले असते. मला भट्टीची भीती वाटत होती. याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी राजानंदांच्या पत्नी दुर्गाबाई आल्या. त्या समुद्रावर जाणार नव्हत्या. त्यांनी सगळं पाहिलं, ऐकलं आणि एकच विचारलं की हिच्यात पाणी भरून पाहिलं का? साहेबराव हसले. म्हणाले, "वहिनी, नाव पाण्यात सोडून बघत असतेत. नावेत पाणी न्हाई भरत."

"तुमच्याकडं समुद्र हाय का सोडायला?" दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "नवा माठ मी वाजवून घेते, तरी घरी एक दिवस भरून ठेवते. मंगच त्याचं पाणी पिते. हिच्यात तर माझी दोन माणसं जाणार हायेत."

संध्याकाळी बांधकामाच्या पाण्याचा टँकर आला. माझ्या पोटात गुडघ्याएवढं पाणी भरलं. आयुष्यभर मी पाणी बाहेर ठेवलं होतं. ते आत घेऊन उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली. गंजाच्या खपल्या नुसत्या रंगाच्या आधाराने टिकून होत्या. मी जीव मुठीत धरून उभी राहिले.

रविवारी सकाळी ओंडका ओला होता.

राजानंद गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी त्या ओलीला बोट लावून पाहिलं. "मी धा वेळा वाजवली हिला," ते हळूच म्हणाले. मोनालीने माझ्या अंगावर तळवा ठेवला. साहेबराव म्हणाले, मग उद्या कापायला घेतो. मला वाटलं, संपलं.

"कापता कशाला?" दुर्गाबाई म्हणाल्या. "सापडली ना जागा? न सापडलेल्या जागेचं भ्याव होतं मला."

सोमवारी गॅस कटर आला, पण तेवढाच कुजका तुकडा कापायला. शेजारी एका मोडलेल्या मोठ्या जहाजाचा जाड पत्रा पडला होता. तो राजानंदांनी स्वतः बसवला, जोडला आणि त्यानंतर मला पुन्हा भरून पाहिलं. ओंडका कोरडाच राहिला. दोन्ही वेळचं पाणी आवारातल्या कडुनिंबांना गेलं. पत्रा बसवायला काढलेली मोठी टाकी दुर्गाबाईंनी परत बसवू दिली नाही. सगळं पाणी एकाच भांड्यात कोण ठेवतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बापलेकीने लहान टाक्यांची मापं घ्यायला सुरुवात केली. आता माझ्यात तीन टाक्या आहेत.

येत्या हिवाळ्यात मी पुन्हा समुद्रावर जाणार आहे. मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तू जपा, त्यांना वाजवून पाहा आणि भरूनही पाहा. आणि कधी कुणी तुम्हाला पारखायला आलं, तर आपली गळकी जागा आपणच दाखवा. मी लपवली होती. दुर्गाबाईंनी हट्ट धरला नसता, तर भर समुद्रात मी त्यांची दोन्ही माणसं बुडवली असती. तिसऱ्या, सगळ्यात लहान टाकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलं आहे: 'हे पाणी परत येण्यासाठी.'