न मागितलेली पुरवणी

सर्व्हरच्या खोलीचं दार पाठीमागे लागलं तेव्हा वहिनीचं तिकडे लक्षही नव्हतं. तिचं सगळं लक्ष लॅपटॉपवर होतं. दोन महिने डोकं खाणारं काम आज संपणार होतं आणि ते संपलं की तिला एक फोन करायचा होता.

वहिनी हे काही तिचं नाव नव्हे. तिचा दीर या उपचारकेंद्रात तिच्या आधीपासून होता. इमारतीची देखभाल त्याच्याकडे, बसायला प्रवेशदाराजवळचं पुढचं टेबल. ती कामावर रुजू झाली त्याच दिवशी त्यानं भर कॅन्टीनमध्ये हाक मारली, "वहिनी, तुमचा डबा माझ्या पिशवीत आलाय." झालं. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती वहिनी. पदवी, अनुभव, सगळं त्या एका हाकेखाली गडप झालं.

अपघातानंतर पुन्हा चालायला शिकण्यासाठी लोक या केंद्रात येत. दारांना किल्ल्या नव्हत्या. प्रत्येक दाराशेजारी एक डबी. तिला कार्ड दाखवायचं, डबी सर्व्हरशी बोलणार आणि दार उघडणार. पण ही दोघं भेटल्याबरोबर कामाचं बोलत नाहीत. आधी रीतसर हस्तांदोलन. तू कोण, मी कोण, कुठल्या गुप्त लिपीत बोलायचं, हे सगळं ठरतं, म्हणजे वाटेत टपून बसलेल्याला ना ऐकता येत, ना शब्द फिरवता येत. या हस्तांदोलनाला आपल्या गरजेची एखादी बाब जोडायची सोय असते, परीक्षेत उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडतात तशी. मध्यंतरी कुणीतरी आपलं कार्ड चालणाऱ्या एका खोलीची डबी उपटून औषधांच्या खोलीला लावली आणि आत शिरला. मग मोठ्या डॉक्टरांनी बंदोबस्ताचं काम वहिनीच्या गळ्यात मारलं. तिनं पुरवणी रचली. डबीनं विचारायचं, मी अमक्या खोलीची, आजचा शिक्का काय? सर्व्हरनं शिक्का पाठवायचा. शिक्का आला नाही तर नवा प्रोग्राम घेतलेल्या डबीनं पुढे बोलायचंच नाही.

पुरवणीचा एक नियम मात्र फार कडक. डबीनं विषय काढला तरच सर्व्हरनं उत्तर द्यायचं. न विचारता सर्व्हरनं आगाऊपणा करून काही जोडलं, तर डबीला संशय येतो आणि ती तिथल्या तिथे बोलणं तोडते.

वहिनीनं शेवटची कळ दाबली. पडद्यावर एकेक दार हिरवं होत गेलं. व्यायामाचा हॉल, पाण्याच्या टाकीची खोली, औषधं, कॅन्टीन. तिनं लॅपटॉप मिटला, पर्स उचलली आणि दाराला कार्ड दाखवलं. लाल दिवा. कार्ड ओढणीला पुसून पुन्हा दाखवलं. पुन्हा लाल.

तिसऱ्यांदा कार्ड धरायच्या आतच तिच्या लक्षात आलं. सगळ्या डब्यांना तिनं नवा प्रोग्राम दिला होता, फक्त या खोलीच्या डबीला नव्हता. ही काय, आपलीच खोली, करू शेवटी. स्वतःचं पान सगळ्यांच्या मागून वाढून घ्यायची सवय ऑफिसातही सुटली नव्हती. आणि घाई अशी की सर्व्हरला सांगताना 'विचारलं तरच शिक्का दे' असं सांगायचं सोडून तिनं 'सरसकट सगळ्यांना दे' असं सांगून टाकलं होतं. या जुन्या डबीनं काहीच विचारलं नव्हतं. सर्व्हरनं तिच्या गळ्यात शिक्का बांधला आणि ती फणकारून तोंड फिरवून बसली. सगळ्या इमारतीची दारं उघडत होती आणि ज्या बाईनं ती उघडी केली ती आत.

दाराशेजारी अडीअडचणीसाठी एक हिरवं बटण होतं. तिनं ते दाबलं. बटण आत गेलं आणि आतच राहिलं. ते बिघडल्याचं तिनं दिराला चारदा सांगितलं होतं आणि चारही वेळा तो म्हणाला होता, "बघतो ना वहिनी, हातातलं एवढं उरकू दे." भिंतींना पत्रा ठोकलेला, त्यामुळे मोबाइलला रेंज नाही. लॅपटॉपची तार फक्त सर्व्हरपर्यंत जाणारी, बाहेरच्या जगाशी तिचा काडीचा संबंध नाही. ही अक्कलही तिचीच. उरला भिंतीवरचा फोन. तो फक्त पुढच्या टेबलावर वाजायचा.

तिनं आधी स्वतःच सुटून पाहायचं ठरवलं. या डबीला आता नवा प्रोग्राम देता येत नव्हता, तो सर्व्हरकडूनच जायचा आणि ती त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हती. सर्व्हर पुन्हा पहिल्यासारखा केला तर हे दार आत्ता, या क्षणी उघडलं असतं. तिचं बोट कळीवर गेलंसुद्धा. मग तिला पाण्याच्या टाकीची खोली आठवली. या वेळी तिथे म्हातारी माणसं कठडा धरून पाण्यात चालत असतात. त्यांच्या दाराची डबी आता शिक्क्याशिवाय बोलणार नव्हती. आपण बाहेर पडावं म्हणून ती माणसं आत कोंडायची, तीही ओल्या कपड्यांत? तिनं बोट मागे घेतलं. दुसरा मार्ग सरळ होता, पण सावकाशीचा. चूक सुधारायची, प्रोग्राम नव्यानं बांधायचा, तपासायचा आणि मग चढवायचा. सुधारणा दोन ओळींची, पण बांधणाऱ्या यंत्राला काय त्याचं? ते आपलं पहिल्यापासून सगळं रांगेनं चघळत बसणार. तिनं काम सुरू केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. ऑफिसं सुटायच्या आत काही हे होत नव्हतं.

आणि ऑफिसं सुटायच्या आतच तिला फोन करायचा होता.

दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेनं तिला बोलावलं होतं. हुद्दा मोठा, हाताखाली माणसं, आणि काम असं की ऐकतानाच तिचे हात शिवशिवले होते. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "मला तुम्हीच हव्या आहात, पण माझ्याकडे दुसरंही नाव आहे. आठवडाभर थांबते. शुक्रवारी ऑफिस सुटायच्या आत हो किंवा नाही कळवा." आज शुक्रवार. आठवडाभर वहिनीनं तो नंबर कितीदा तरी अर्धा दाबून सोडून दिला होता. घरी तिनं तोंड उघडलं नव्हतं. नवरा भला माणूस, पण घरातलं काही बदलायचं म्हटलं की त्याचं डोकं दुखायला लागायचं. सासरे, अप्पा, अंथरुणाला खिळलेले. त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी, कूस बदलणं, सगळं सकाळ-संध्याकाळ तिच्या हातचं. दुपारी बाई यायची ती टीव्ही बघायला. विषय काढला असता तर कुणी नको म्हटलं नसतं. सगळे नुसते गप्प बसले असते आणि त्या गप्प बसण्याचीच तिला धास्ती होती. कुणीतरी आपणहून विचारावं, अगं तुझं काय चाललंय, याची ती वाट बघत राहिली. कोण विचारणार? वहिनीचं काय चालायचंय.

आज सकाळी अप्पांना भरवताना तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. होकार द्यायचा. आधी होकार, मग घर.

आता ती त्या गुणगुणणाऱ्या थंड खोलीत उभी होती आणि बाहेर जाणारी एकच तार दिराच्या कानाशी संपत होती. ज्याला कळू नये म्हणून आठवडाभर जिभेला कुलूप घातलं, त्याच्याच तोंडी निरोप द्यायचा. तिला हसूही आलं आणि रडूही. तिनं रिसीव्हर उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

"भाऊजी, मी आत अडकलेय."

"आत म्हणजे? ते बटण..."

"बटणाचं नंतर बोलू."

"अरे देवा." तो ओशाळला. "दार फोडायचं तर सुतार उद्याच मिळेल, वहिनी."

"फोडू नका, मी उघडतेय. वेळ लागेल. भाऊजी, माझं एक काम करा. एक नंबर देते, लिहून घ्या. तिथल्या बाईंना माझं नाव सांगा आणि म्हणा, होकार आहे. एवढंच."

"कसला होकार?"

तिनं सांगितलं. शहर, हुद्दा, दर शनिवार-रविवारी घरी येईन, अप्पांसाठी दिवसभराचं माणूस ठेवू, सगळं. सांगताना आपला आवाज एवढा स्थिर कसा, याचं तिलाच नवल वाटलं. पलीकडे कुणीतरी टेबलापाशी काहीतरी विचारून गेलं तेवढं ऐकू आलं.

"दादाला माहीत आहे?"

"आज सांगणार आहे."

"अप्पांना?"

"त्यांनाही मीच सांगेन. तुम्ही फक्त फोन करा. ऑफिस सुटायच्या आत."

"बरं," तो म्हणाला.

ती फोनखालीच भिंतीला टेकून बसली. यंत्र आपल्या गतीनं एकेक ओळ चघळत होतं. थोड्या वेळानं फोन वाजला.

"वहिनी, केला फोन. बाई भेटल्या."

"काय म्हणाल्या?"

"ठीक आहे म्हणाल्या."

रिसीव्हर ठेवला आणि वहिनीला एकदम रडू फुटलं, मोकळं, लहान मुलीसारखं. आत कोंडलेली असूनही तिला बाहेर पडल्यासारखं वाटत होतं. आता फक्त दार उरलं होतं, आणि दाराचं काय, ते उघडणारच. नवीन शहरात खोली घ्यायची ती खिडकीची, हे तिनं ठरवूनही टाकलं. तिथे आपल्याला सगळे नावानं हाक मारतील, हेही तिच्या मनात आलं.

अखेर प्रोग्राम बांधून झाला. तिनं दोनदा तपासला आणि चढवला. पडद्यावरची सगळी दारं हिरवीच राहिली. मग तिनं कार्ड दाखवलं. जुन्या डबीनं जुन्यासारखं विचारलं, सर्व्हर या वेळी गपगुमान तेवढ्यालाच उत्तर देऊन थांबला, आणि दार उघडलं.

बाहेर दीर उभा. दोन हातांत चहाचे दोन कप. "घ्या, गारठल्या असाल."

तिनं कप घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात पर्समधला मोबाइल किणकिणला. रेंज आली होती. तिनं आधी मोबाइल पाहिला. बाईंचा निरोप होता. 'तुमच्या घरून नकार कळवला गेला. वाईट वाटलं. तुमच्या सासऱ्यांना आराम पडो.'

तिनं तो वाचला, पुन्हा वाचला. मग दिराकडे पाहिलं. त्यानं नजर चहाच्या कपात घातली.

"भाऊजी, मी काय सांगितलं होतं?"

"घरचं सगळं बघूनच बोललो, वहिनी."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही गेलात तर अप्पांचं कोण करणार?" त्याचा आवाज बारीक झाला. "दादा करेल? सगळं माझ्यावर येईल. मला नाही जमत ते. त्यांना नुसतं उचलायचं म्हटलं तरी माझे हातपाय गळतात. खरं तेच सांगतो."

ते खरंच होतं. तिला त्याचा राग आला, एवढा की कानशिलं तापली, आणि त्याच वेळी हेही कळलं की या माणसाला आजवर कधी अप्पांना उचलायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनंही नाही.

तिनं नंबर लावला. या वेळी पूर्ण. बाई अजून ऑफिसातच होत्या.

"तो नकार माझा नव्हता," वहिनी म्हणाली.

"मी दुसऱ्यांना कळवून बसले हो. त्यांनी लगेच होकारही दिला. आता शब्द कसा फिरवू?" मग बाई म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुम्ही स्वतः का नाही फोन केलात?"

"मी एका खोलीत अडकले होते."

"कधीपासून?"

"तासभर झाला," वहिनी म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. सोमवारी ती अडकलेली नव्हती. मंगळवारीही नव्हती. सगळा आठवडा सगळी दारं उघडी होती.

"बरं. पुढे काही निघालं तर मी तुम्हालाच फोन करेन," बाई म्हणाल्या. त्या चांगल्या होत्या, पण असं सगळेच म्हणतात.

वहिनीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. दीर अजून दोन्ही कप धरून उभा होता.

"गेली का जागा?" त्यानं विचारलं.

"गेली."

"मग..." त्यानं हातातले कप सावरले. "मग आता घरी काही बोलायला नको. दादाला उगाच त्रास. झालं गेलं."

"आज जेवताना सांगणार आहे मी. नोकरी काय होती, मी होकार कसा दिला, आणि तुम्ही तो पोचवला कसा. सगळं. तुम्ही समोर बसायचं."

"कशाला वहिनी? आता सांगून काय उपयोग?"

"पुढच्या वेळी मला कुणाच्या तोंडी निरोप द्यावा लागू नये, एवढा उपयोग आहे," ती म्हणाली. "आणि अप्पांना आज तुम्ही उचलायचं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. मी बाजूला उभी राहते."

ती जिना उतरायला लागली. थोड्या वेळानं तिला मागून त्याची पावलं ऐकू आली, हळू, चहा सांडू नये अशा बेतानं टाकलेली.